दूध थांबेपर्यंत

मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडून वळवून घेतला आणि बाळाचे ठोके लागत नाहीत असे सांगितले. छत्तिसावा आठवडा होता. बायकोने विचारले, पुन्हा बघता का. डॉक्टरांनी पुन्हा बघितले. बुधवारी दुपारी आमची मुलगी जन्मली. ती जिवंत नव्हती.

यापुढचे लिहायचे तर आधी वर्गाबद्दल सांगायला हवे. राजाजीनगरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी होणाऱ्या आईबाबांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या इंग्रजीत सुरुवात करत आणि रंगात आल्या की कन्नडवर जात. मग बायको माझ्याकडे वाकून हळू आवाजात मराठीत सांगत राही. ती बेळगावकडची, दोन्ही भाषा तिच्या घरातल्या. मी सांगलीचा. नऊ वर्षे इथे राहूनही माझे कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडे आणि ‘सरी’ म्हणजे बरं, यांच्या फारसे पुढे गेलेले नाही.

मी एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. गोष्ट लिहून काढली की ती आपल्याला आली, असे वाटण्याची सवय मला त्या कामामुळे लागली असावी. वर्गातही मी वही घेऊन बसायचो. कळ येताना कमरेवर तळहाताने कुठे दाबायचे, श्वास किती मोजेपर्यंत आत घ्यायचा, बाळाला छातीशी धरताना त्याचे नाक मोकळे कसे ठेवायचे, दूध पहिल्या दोन दिवसांत कमी आले तरी का घाबरायचे नाही, हे सगळे मी उतरवून घेतले होते. सासूबाई फोनवर हसायच्या. “आम्हाला कुणी क्लास लावला होता? तरी तीन पोरं झालीच की.” मग मलाही विचारायच्या, “जावईबापू पास झाले का?”

वर्गात आमच्यासारखी सहा जोडपी होती. एका शनिवारी मॅडमनी नवऱ्यांना कापडी बाहुल्या दिल्या आणि दुपट्यात गुंडाळायला सांगितले. माझी बाहुली नीट गुंडाळली गेली. शेजारी नागपूरचा एक जण होता, त्याच्या हातून बाहुली डोक्यावरच पडली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, माझं तर गेलं की हो. तुमचं सांभाळा.” सगळे हसले. माझी बायको सर्वांत जास्त हसली. पोट धरून हसली, आणि मग आत बाळानेही लाथ मारली म्हणून तिने माझा हात ओढून तिथे ठेवला.

चौथ्या शनिवारी वर्ग सुटताना मॅडम म्हणाल्या की काही वेळा गोष्टी ठरवल्यासारख्या होत नाहीत. त्याबद्दल ज्यांना विचारायचे असेल त्यांनी पंधरा मिनिटे थांबावे. कोणीच थांबले नाही. आम्हीही थांबलो नाही. जिना उतरताना बायको म्हणाली, “आत्ता कशाला ते अभद्र.” समोरच्या हॉटेलात जाऊन आम्ही डोसा खाल्ला, आणि पाळणा खिडकीच्या बाजूला ठेवायचा की भिंतीच्या, यावर बोलत बसलो.

दवाखान्यात त्या बुधवारी वर्गात शिकवलेले सगळे उपयोगी पडले. मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. कमरेवर जिथे दाबायला सांगितले होते तिथे दाबले की तिला खरोखर बरे वाटत होते. मी आकडे मोजत होतो आणि ती त्या आकड्यांवर श्वास घेत होती. नर्स म्हणाली, छान जमतंय तुम्हाला. वर्गात शिकलेली एकही गोष्ट खोटी ठरली नाही. मुलीला माझ्याकडे दिले तेव्हा मी तिचे डोके बरोबर धरले होते. तिला दाट केस होते आणि उजवी मूठ मिटलेली होती. अर्ध्या तासाने मी तिला परत दिले.

शुक्रवारी आम्ही घरी आलो. शनिवारी सकाळी बायको उठून बसली तेव्हा तिचा झगा दोन्हीकडे भिजलेला होता.

मला हे माहीत असायला हवे होते. वहीत दूध येण्यावर चार पाने होती. पण बाळ नसले तरी दूध येते, हे मी कुठेही लिहिलेले नव्हते, आणि माझ्या डोक्यातही आले नव्हते. शरीराला कोणी सांगितलेच नव्हते. डॉक्टरांना फोन केला. दूध बंद करण्याची गोळी असते, पण बायकोचा रक्तदाब वाढलेला असल्यामुळे ती देता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. गार पाण्याच्या घड्या ठेवा, घट्ट कपडे घाला, जाईल हळूहळू. किती दिवसांत, विचारले, तर त्या म्हणाल्या प्रत्येकीचे वेगळे असते.

सासूबाई बुधवारी संध्याकाळीच बेळगावहून आल्या होत्या. येताना त्यांनी महिनाभर आधीच करून ठेवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा आणला होता. घरून निघताना हात आपोआप तिकडे गेला, असे त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरात त्या ओट्याशी नुसत्या उभ्या राहायच्या. मुलगी बाळंतीण आहे, तिला बाळंतिणीचे खाणे द्यायला हवे, हे त्यांना कळत होते. पण त्यांना येत होते ते सगळे खाणे दूध येण्यासाठीचे होते. आळिवाची खीर, शेपूची भाजी, खसखस, लाडू. एकेक आठवायच्या आणि सोडून द्यायच्या. शेवटी त्यांनी मऊ भात आणि मुगाचे वरण केले. लाडवांचा डबा मी फळीवर सर्वांत मागे ठेवला.

तोपर्यंत बायकोची छाती दगडासारखी झाली होती. तिला हात वर करता येत नव्हता, कुशीवर वळता येत नव्हते. मी घड्या बदलत होतो. घडी ठेवताना ती दात आवळून धरायची, आणि मी ‘सॉरी’ म्हणायचो. पाचव्या-सहाव्या वेळी ती म्हणाली, “तू सॉरी म्हणणं बंद कर.”

सोमवारी सकाळी नऊला दारावरची घंटा वाजली. दारात एक वयस्कर बाई उभी होती, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तेलाची बाटली. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला चाळीस दिवस यायचे, असे मॅडमच्या ओळखीने आम्ही तिच्याशी दोन महिन्यांपूर्वी ठरवले होते. ती यशवंतपूरहून बसने येणार होती. मॅडमना मी निरोप दिला होता. हिला नाही म्हणून कळवायचे मी विसरलो होतो. शनिवारी तिचा फोन आला होता आणि तिच्या कन्नडमधले काहीच न समजता मी सरी, सरी म्हटले होते. बाळंतपण झाले का, सोमवारपासून येऊ का, असे ती विचारत होती, हे नंतर कळले.

चप्पल काढून ती आत आली, हात धुतले आणि हसून विचारले, “मगू?” म्हणजे बाळ. हा शब्द मला येत होता.

सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी कन्नडमध्ये तिला सांगितले. दोनच वाक्ये असतील. ती बाई खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसली, पाणी मागितले, सगळे प्यायली. मी मनात तिच्या परतीच्या बसचा विचार करत होतो. ती मात्र उठून सरळ आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले.

दहा मिनिटांनी बाहेर येऊन ती सासूबाईंशी बोलली आणि सासूबाई माझ्याकडे वळल्या. “मोगरा आणा म्हणत्ये. मल्लिगे. गजरे लावून वर कापड बांधलं की दूध आटतं म्हणे. सुकले की बदलायचे. त्यांच्यात करतात.” आणि मग, “काही अपाय तर नाही ना त्याने?” मला कसे माहीत असणार. मी फोनवर शोधून वाचले. असे करतात आणि काही जणींना गुण येतो, एवढे सापडले. मी पिशवी घेऊन निघालो.

देवळाच्या कोपऱ्यावर फुलवाली बसते. इथे गजरा मोळाने मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ. मी आठ मोळ मागितले. तिने आपल्या हातावर मोजता मोजता मोडक्या हिंदीत विचारले, घर में फंक्शन? मी मान हलवली. हो म्हणायला की नाही म्हणायला, ते मला अजून ठरवता आलेले नाही. एवढे घेतले म्हणून तिने वर एक मोळ जास्त दिला, “अक्का के बालों में.” मी तोही घेतला.

तीन दिवस मी फुले आणत होतो. मालिशवाली बाई रोज सकाळी येई, बायकोच्या पाठीला आणि पायांना तेल लावी, मग गजरे ठेवून मऊ सुती कापडाने छाती बांधी. सुकलेल्या फुलांची पुडी करून बरोबर नेई. खोलीला लग्नघराचा वास येत होता. चौथ्या दिवशी सकाळी कडकपणा जरा कमी वाटला, बायको स्वतः उठून न्हाणीघरात गेली. सासूबाईंनी देवाला हात जोडले. मी पिशवी घेऊन चप्पल घालत होतो तेव्हा बायको दाराशी आली.

“आज फुलं आणू नकोस.”

मी विचारले, का, त्रास होतोय का.

“नाही. बरं वाटतंय म्हणूनच.” मग ती म्हणाली, “दुसरं काय आहे रे तिचं? हे पण घालवून टाकायचं?”

मी चप्पल काढली. सासूबाईंनी समजावून पाहिले, ताप येईल, गाठी होतील, गळू होईल. बायको ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, नाही अशी. मालिशवाली बाई आली, तिला सांगितले. तिने फक्त तेल लावले आणि गेली.

संध्याकाळी ताप आला. मी मॅडमना फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या. त्यांनी बायकोला उपदेश केला नाही. दाटलेले थोडे हाताने काढले तर बरे वाटेल, फक्त दुखणे थांबेल एवढेच, जास्त नाही, असे सांगून त्यांनी कसे काढायचे ते दाखवले. हेही वर्गात सहाव्या शनिवारी शिकवायचे होते. आमचे पाचच शनिवार झाले होते.

बायकोने एका वाटीत दूध काढले. अर्धी वाटीसुद्धा नव्हती. पिवळसर होते. तिने वाटी माझ्या हातात दिली आणि पडून राहिली, आणि मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात आलो. ती कुठे रिकामी करायची ते मला समजेना. सासूबाईंनी वाटीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. मी वाटी ओट्यावर ठेवली, वर ताटली झाकली. दुसऱ्या दिवशी मालिशवाली बाई आली तोपर्यंत वाटी तिथेच होती. तिने ताटली उचलून वास घेतला, दूध मोरीत ओतले, नळ सोडला, वाटी विसळून पालथी घातली. मग बायकोच्या पाठीला तेल लावायला गेली.

त्या दिवशी दार उघडे होते. बायकोने तिला कन्नडमध्ये काही विचारले, तिने उत्तर दिले, मग पुन्हा काही विचारले. ते मी सासूबाईंकडून नंतर समजून घेतले. बायकोने विचारले होते की फुले बांधली नाहीत तर दूध किती दिवस राहील. ती म्हणाली, बांधली तरी जातं, नाही बांधली तरी जातं. पिणारं कुणी नसलं की कुणाचं दहा दिवसांत, कुणाचं वीस. राहत कुणाचंच नाही. बायकोने विचारले, तुला कसं माहीत. ती म्हणाली, माझं बारा दिवस होतं.

एवढेच बोलणे झाले. त्यानंतर बायकोने फुले आण असेही म्हटले नाही आणि नको असेही नाही. मी दुपारी जाऊन चार मोळ आणले आणि उशाशी ठेवले. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. मग आईला हाक मारून म्हणाली, बांध.

ताप दोन दिवसांनी उतरला. बाराव्या दिवशी बारसे झाले असते, तो दिवस आम्ही तिघांनीही त्याचा विषय न काढता घालवला. नागपूरच्या त्या माणसाने दुपारी फोन केला होता. हॅलो म्हणाला, मीही हॅलो म्हणालो. “ठेवतो भाऊ,” म्हणाला आणि ठेवला. त्याला त्याच आठवड्यात मुलगा झाला होता, हे मला नंतर कळले.

रोज सकाळी बायको उठून झग्याला हात लावून बघायची आणि मी तिच्या तोंडाकडे. डाग लहान होत गेला. रुपयाएवढा, मग टिकलीएवढा. सतराव्या दिवशी तिने दोन्हीकडे हात लावून पाहिले, झगा बदलून आली तरी पुन्हा पाहिले, आणि खाटेच्या कडेला बसून मला म्हणाली, “थांबलं.” मी तिच्याजवळ बसलो. सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि कप ठेवून परत गेल्या.

याला आता चौदा महिने झाले. बायको शाळेत शिकवायला जाते, मी ऑफिसला जातो. सासूबाई बेळगावला आहेत, रविवारी फोन करतात. घरात आम्ही दोघे आहोत. मुलीचे नाव ठेवलेले नाही.