कपाळावरचं गोंदण

साकेत नगरच्या दवाखान्यात मी कापलेल्या बोटाची पट्टी बदलायला बसलो होतो आणि माझ्या आधी नंबर असलेल्या आजीबाई डॉक्टरांशी भांडत होत्या. दार उघडंच, त्यामुळे अख्खी रांग प्रेक्षक! गाठीपायी त्यांच्या नाकाचा शेंडा काढावा लागला होता. आता कपाळाची कातडी खाली वळवून डॉक्टर नवं नाक करणार होते. पंचाईत एवढीच, की कपाळावरचं हिरवं गोंदण नाकावर येणार होतं.

"अम्मा, पहले लेझर से मिटा देते हैं. लोग हँसेंगे."

"हसू द्या! बिननाकाची झाली तवा कोन रडलं? माह्या मायनं गोंदवलं हाये. पुसाचं नाही."

तासभर हेच! वैतागून मी जोरात खोकलो, तर बाईंनी मान वळवून मला ज्येष्ठमध चघळायला सांगितलं.

पंधरवड्याने पाहतो तर रांगेत पुन्हा त्याच माझ्या शेजारी! नवं नाक रुजेपर्यंत कपाळापासून नाकापर्यंत कातडीची पट्टी अजून जोडलेलीच, आणि शेंड्यावर तो हिरवा ठिपका.

"झालं समाधान?" मी चिडूनच विचारलं.

त्यांनी ठिपक्यावर हलकेच बोट टेकवलं. "हात इथं लावला तरी कळते तिथंच, कपाळात. जिथं मायनं गोंदवलं होतं."

मी त्या बोटाकडे बघत राहिलो आणि माझा नंबर पुकारून निघून गेला.