मानपत्र नको, व्हिडिओ करू

आमच्या नात्यात कुणी रिटायर झालं की मानपत्र मी लिहायचं, हे ठरलेलंच. उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो, त्यामुळं शब्द मला फुकटात पडतात असा सगळ्यांचा समज आहे. जाड कागद, सोनेरी नक्षी, वर काचेची फ्रेम, आणि फ्रेम हातात देण्याआधी सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचन. शाल-नारळ काय, कुणीही देतं. मानपत्र ऐकून माणूस रडला पाहिजे. माझं ऐकून एक तलाठीसुद्धा रडले होते. त्यांच्या कारभारापायी आधी गाव किती रडलं होतं, तेवढा भाग मी गाळला होता.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, पाचोडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती रिटायर व्हायच्या आधी एका दुपारी माझ्या घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मास्तर, माझ्या कामाचं लिही. सासरची सगळी येणार हायत. त्यांच्या लेखी मी जन्मभर सुया टोचल्या आन् पगार आणला. एकदा त्यांच्या कानावर पडू दे, मी काय केलं ते."

ताईनं माझ्याकडं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हणालो, "तू बघच."

दोन-चार दिवसांत तिचा मुलगा, माझा भाचा, आला. कंपनीत आहे, बोलताना एक डोळा मोबाइलवर असतो. म्हणाला, "मामा, मानपत्र नको. व्हिडिओ करू. पाच मिनिटांत खेळ खलास. आता वाचतंय कोण?"

"मी वाचतो."

"तुम्ही कुठं वाचता? मामी सांगत होती, जेवताना बोकडांच्या टकरी बघता म्हणून."

हे खरं होतं. पण बोकडांच्या टकरींवर कुणी पुस्तकच काढत नाही, त्याला मी काय करू? आणि हा मला शिकवणार? घरच्या ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या की हा गडी न वाचता अंगठा टाकतो. मागं एका चुलत्याच्या निधनाची बातमी मी टाकली, तिलाही याचा अंगठा होता.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "पाचोडच्या बाजारात तुझी आई टोपल्यांच्या मधून वाट काढत बायकांना अडवायची," मी म्हणालो, "आणि कडेवरच्या लेकरांना डोस पाजायची. बायका शिव्या द्यायच्या, ही हसून पुढच्या लेकराचं तोंड उघडायची. लाइट गेली की बॅटरी तोंडात धरून बाळंतपणं केलीत तिनं. सुट्टीत तिच्या क्वार्टरवर राहायचो तेव्हा मी स्वतः पाहिलंय. आहे का याचा फोटो तुझ्याकडं?"

"नाही."

"म्हणून मानपत्र लागतं, राजा."

शेवटी मांडवली झाली. आधी व्हिडिओ, मग मानपत्र.

कार्यक्रम छावणीतल्या हॉलमध्ये होता. त्रिशरण-पंचशील झालं, हार-तुरे झाले आणि पडद्यावर ताई आली. लग्नातली ताई, बारशातली ताई, वेरूळच्या सहलीतली ताई, भाच्याच्या एकूण एक वाढदिवसांतली ताई. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या आणि मागं बासरी रडत होती. बघणाऱ्याला वाटावं, बाई आयुष्यभर केकच कापत होती. दवाखान्याचं नाव नाही. गणवेशातला एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, तो मोठा केल्यावर फाटतो म्हणून पोरानं काढून टाकला होता. तरी सासरची मंडळी डोळे पुसत होती. माझेही भरून आले, आणि त्याचा मला भयंकर राग आला. ताई तेवढी ताठ बसून, दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम असावा तशी बघत होती.

आता माझी पाळी. मी माइक धरला. तोवर बिर्याणीचा वास आत आला होता आणि मागच्या दोन रांगा उठल्या होत्या. पण माझा आवाज आठवीच्या वर्गावर तयार झालेला आहे. 'हे कर्तव्यदक्ष सेवाव्रती, ममतेच्या महासागरा' इथून जो सुटलो, तो 'आपल्या कार्याचा सुगंध दाही दिशांत दरवळो' इथंच थांबलो. टाळ्या पडल्या. ताईच्या दिरानं तर उभं राहून वाजवल्या.

जेवताना ताईनं मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"लई छान वाचलंस," ती म्हणाली.

"मग! व्हिडिओत ही ताकद असते का?"

"बाजारातल्या डोसाचं कुठं होतं रे?"

"अगं, मानपत्रात तसं लिहीत नाहीत. डोस, बाळंतपण, बॅटरी... भाषेचा एक दर्जा राखावा लागतो. ते सगळं 'सेवाव्रती'मध्ये आलं."

"व्हय?" तिनं भात कालवला, पण घास उचलला नाही. "जाऊ आत्ता इथंच बसली होती. म्हणाली, तुमचे भाऊ लई भारी बोलतात, पण तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करत होता?"

मी पाण्याचा ग्लास उगीच इकडचा तिकडं केला.

ताई चिडली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पोराकडं फोटो नव्हते, म्हणून त्यानं घातले नाहीत," ती म्हणाली. "तुझ्याकडं काय नव्हतं?"