काकूंची काळी पाच

इथे हिंदी मुलखात, आमच्या मराठी मंडळात, गणपतीचा कार्यक्रम काकूंच्या पदाने सुरू होतो. हे कोणी ठरवलं ते आता कोणालाच सांगता येत नाही. काकू इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, वय सहासष्ट, माहेर सोलापूर. आवाज एकेकाळी खणखणीत, आणि पट्टी काळी पाच. तशी गोष्ट साधी आहे. ज्याच्या गळ्याला जिथून गाणं सोसेल तो त्याचा सा, आणि पेटीवर तो सा ज्या पट्टीवर सापडेल ती त्याची पट्टी. पण काकूंच्या लेखी काळी पाच ही पट्टी नव्हती, पदवी होती. तिच्याखालच्या काळी चारमध्ये गाणाऱ्या बायकांचा उल्लेख त्या 'बिचारी' असा करत.

मी त्यांना पेटीची साथ करते. पोटापाण्यासाठी भूलतज्ज्ञ आहे. सर्जन कापतो आणि नाव कमावतो, मी डोक्याशी बसून पेशंटचा श्वास मोजते. पेटीवर बसल्यावर फार वेगळं काही करावं लागत नाही.

मागच्या वर्षी पदाच्या अंतऱ्यात वरच्या पंचमावर काकूंचा आवाज फाटला. किंचित चिरकला असं नव्हे, नवं मांजरपाट टरकवावं तसा फाटला. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी एकदम गणपतीकडे बघितलं, जणू त्यानेच काहीतरी केलं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. परगावी मराठी माणूस फार उदार होतो. काकू खाली उतरल्या आणि त्यांनी माइकवाल्याला झापलं.

यंदा जुलैत शहरातल्या मानसरोवर वस्तीत त्यांच्या फ्लॅटवर रविवारच्या तालमी सुरू झाल्या. तबल्याला मेजरसाहेब, तीन वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या छावणीत आलेले, मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्याच तालमीला पंचमाने पुन्हा तोच प्रकार केला. आम्ही दोघं खाली स्कूटरपाशी आलो तेव्हा मेजर म्हणाले, पट्टी उतरवायला त्यांना कोणीतरी सांगायला हवं. मी म्हटलं, तुम्ही फौजेतले, तुम्ही सांगा. त्यावर त्यांनी सीमेवरच्या आपल्या पोस्टिंग्ज मोजून दाखवल्या आणि इतकं धाडस तिथेही केलं नव्हतं असं सांगून हेल्मेट चढवलं.

शेवटी मीच पुढच्या रविवारी विषय काढला. काकू, एकदा काळी चार लावून बघू या का, एवढंच म्हणाले. मी दुसरं लग्न सुचवावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी अजून म्हातारी झालेले नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी चहाबरोबर काही आलं नाही.

माझी पेटी स्केल चेंजर आहे. म्हणजे तिच्या सगळ्या पट्ट्यांची चौकट उचलून डावीकडे उजवीकडे सरकवता येते. काळी पाच आणि काळी चारच्या मधे एक पांढरी येते, म्हणून दोन घरं खाली सरकवली की बोट काळी पाचवर आणि आवाज काळी चारचा. निव्वळ कानाने पट्टी ओळखणारी माणसं फार थोडी असतात, बाकीचे आपण वादकाच्या बोटांकडे बघून ओळखतो. काकू तर माझ्या बोटांवर नापासांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी नजर ठेवून असत. तिसऱ्या रविवारी त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी चौकट दोन घरं सरकवली. तानपुरा माझ्या फोनवर वाजायचा, तोही उतरवला आणि फोन उपडा ठेवला. मेजरांनी खालच्या सुराचा तबला पिशवीतून आणलाच होता. एवढं सगळं आम्ही चहाला उकळी येईपर्यंत केलं.

काकू गायल्या. वरचा पंचम लागला, आणि त्या चक्क तिथे थांबल्या, दोन आवर्तनं थांबल्या. मेजर सम विसरले.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दर रविवारी पद आणखी खुलत गेलं. सगळं श्रेय काकूंनी ज्येष्ठमधाच्या काढ्याला दिलं आणि त्याची कृती मंडळाच्या ग्रुपवर टाकली. झालाना भागात ऑफिस असलेल्या तिघीजणी तो काढा बाटलीत भरून कामावर न्यायला लागल्या. त्यांच्यापैकी एकीचा आवाज बसला.

पण आवाज लागायला लागला की माणसाला थांबता येत नाही. ऑगस्टच्या मध्यावर काकूंनी जाहीर केलं की आता काळी पाच त्यांना जरा बसकी वाटते, आपण पांढरी सात घेऊ, म्हणजे आणखी एक घर वर. त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा मी चौकट आणखी एक घर खाली सरकवली. बोटं वर गेली, आवाज होता तिथेच राहिला. "बघ," त्या गाऊन झाल्यावर म्हणाल्या, "पांढरी सातमध्ये कसा मोकळा लागतो." मेजर तबल्याच्या वाद्या तपासत राहिले, कितीतरी वेळ.

कार्यक्रमाच्या दिवशी सेक्रेटरीने कोणाला न विचारता एक कीबोर्डवाला बोलावला. मतलब साउंड कसा भरलेला वाटेल, असं त्याचं म्हणणं. कीबोर्डवाला शास्त्री नगरचा, लग्नात वाजवणारा, स्वभावाने सरळ. कार्यक्रमाला तास होता. हॉलमागच्या खोलीत काकूंनी दोन ओळी गायल्या, त्याने कान देऊन सूर पकडला आणि म्हणाला, "आंटीजी, आप जी शार्प में गा रही हैं."

जी शार्प म्हणजे आपल्यात काय, हे काकूंनी मला विचारलं. मग त्यांनी मेजरांना विचारलं. फौजेतला माणूस, शत्रूच्या हाती लागला असता तर बोलला नसता, काकूंपुढे बोलला. "काळी चार," तो म्हणाला.

काकूंनी पेटीकडे पाहिलं, सरकलेल्या चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?"

"जुलैपासून."

"लाव जागेवर."

मी चौकट जागेवर आणली. काकू खऱ्या पांढरी सातमध्ये गायला लागल्या. मुखडा कसाबसा निघाला. अंतऱ्याला पंचमाच्या अलीकडेच आवाज संपला, फाटलाही नाही, नुसता संपला. कीबोर्डवाला भला माणूस, त्याने आपल्या वायरी निरखायला सुरुवात केली. काकू खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पदराने ओठ टिपले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला आपण काय केलं ते कळलं. मी त्यांचा आवाज वाचवला होता आणि तो कशामुळे वाचला हे त्यांच्यापासून लपवलं होतं. आता तो गेलाय हे त्यांना एका परक्या माणसासमोर कळलं.

"होती तिथे ने," त्या शेवटी म्हणाल्या. "लोक जमलेत."

स्टेजवर त्यांनी साथीदारांची ओळख करून दिली. मेजरांची दिली, कीबोर्डवाल्याची आदराने दिली, मग म्हणाल्या, "पेटीवर आमच्या डॉक्टरीणबाई. यांनी मला दोन महिने भूल दिली होती, ती आत्ता तासाभरापूर्वी उतरली." लोक हसले, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. काकूंनी पद काळी चारमध्ये गायलं, माझ्याकडे एकदाही न बघता. मी ऐकलेलं ते त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं होतं.

मग अबोला. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. ग्रुपवरची काढ्याची कृती मात्र त्यांनी काढून टाकली.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, रविवारी पेटी घेऊन ये. गेले तर त्या सतरंजी घालून बसलेल्या. या वेळी पट्टी त्या सांगतील आणि मी लपवाछपवी न करता लावायची. काळी पाचपासून एकेक घर खाली येत प्रत्येक पट्टीत त्या चार ओळी गायल्या. काळी चार बरी वाटली. तिच्याखाली पांढरी पाच, तिथे त्या थांबल्या, परत गायल्या. मी आपण होऊन माफी मागितली. तू मला सांगायला हवं होतंस, त्या म्हणाल्या. सांगितलं होतं, मी म्हटलं. "एकदा," त्या म्हणाल्या. "पेशंटला तू एकदाच विचारतेस का?"

मी विचारलं, मुळात काळी पाच आली कुठून. काकूंनी ते इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. सोलापुरात त्यांच्या सरांच्या क्लासला एकच तबला होता, तो काळी पाचचा. सर आळशी, दुसरा तबला घेणार नाहीत. क्लासातल्या सगळ्या मुली काळी पाचमध्येच गायच्या. गळ्याला सोसेल ती गायिका. सोसणार नाही तिला सर सांगायचे, बाई, तुला आवाज नाही.

"माझी धाकटी बहीण अशीच घरी बसली," काकू म्हणाल्या. "तेरा वर्षांची होती. नंतर तिने कधी आरतीतसुद्धा तोंड उघडलं नाही."

बोलता बोलता त्यांनी फोन उचलला आणि पुण्याला बहिणीला लावला. स्पीकरवर टाकला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ म्हणाल्या, सरांकडचं ते पहिलं भजन म्हण. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग कारणं आली. कुकर लावलाय, गुडघा दुखतोय, मला कुठे येतं. काकूंनी गॅस बंद करायला सांगितलं.

खूप वेळाने एक ओळ ऐकू आली. खालचा आवाज, जाडसर, घाबरलेला, पण सुरात. मी पेटीवर चाचपडत तिचा सा शोधला. पांढरी चार. पट्टी धरून भाता हलवला.

"ही पेटी कुठे वाजतेय?" फोनमधून प्रश्न आला.

"तुझ्यासाठी वाजतेय," काकू म्हणाल्या. "पुढची ओळ म्हण."