दोरूबाईचा मुलगा

जन्माच्या नोंदीचा अर्ज समोर आला की अंकल कीबोर्डवरची बोटं उचलायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "अर्थ?"

समोरचा बाप गोंधळायचा. "कसला अर्थ?"

"नावाचा. पोरगं जन्मभर ऐकणार ते. तुम्हाला तरी ठाऊक असू दे."

मस्कतमध्ये अल् खुवैरला, वकिलातीपासून जवळ, एक टायपिंग सेंटर होतं. तिथे ते अर्ज भरून देत, अरबी कागदांचं इंग्रजी करत. आमच्या कंपनीची कागदपत्रं घेऊन मला आठवड्यातून दोनदा तरी तिथे जावं लागे. आखातात नोकरी केलेल्यांना असा एखादा माणूस आठवेलच, ज्याच्यावाचून आपलं एकही काम झालं नाही आणि ज्याचं पूर्ण नाव आपण कधी विचारलं नाही. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणे. वसईकडचे ख्रिस्ती, साठीला आलेले. बायको गावी. घरची भाषा मराठी, त्यामुळे माझ्याशी मोकळेपणाने बोलत.

एकदा एक पुण्याचं जोडपं आलं. मुलीसाठी वेगळं नाव हवं म्हणून त्यांनी इंटरनेटवरून पोर्तुगीज नावांची यादी छापून आणली होती. अंकलनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि पोट धरून हसले.

"पोर्तुगीज नाव शोधायला एवढा कागद कशाला फुकट घालवला? आमच्या गावात चारशे वर्षं पडून आहेत. पोतं भरून न्या." मग गंभीर होऊन म्हणाले, "कुठलं ठरवलंय? लूआ? लूआ म्हणजे चंद्र. मग इंदू काय वाईट होतं?"

बाईंच्या आजेसासूचं नाव इंदूच निघालं. सगळे हसलो. मुलीचं नाव मात्र लूआच राहिलं. अंकलनी ते टाईप केलं, अर्थ सांगून झाला होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

त्यांच्या खणात एक शाळेची वही होती. तिच्यात गावातली नावं आणि त्यांचे अर्थ लिहिलेले. गावात ज्याला दुमिंग म्हणत तो मूळचा दोमिंगोस, म्हणजे रविवारचा. पास्कू म्हणजे पास्कोआल, ईस्टरचा. पेरेरा म्हणजे नासपतीचं झाड. "आमच्याकडे एक पेरेरा आहे, जन्मात नासपती खाल्ली नाही त्याने," असं सांगून ते वही मिटायचे.

हा नाद कुठून लागला, ते त्यांनी एका दुपारी चहा पिताना सांगितलं. मस्कतला आले त्याच्या पहिल्या वर्षी एक पोर्तुगीज इंजिनियर काही कागद करायला आला होता. टेबलावर पडलेल्या यांच्या पासपोर्टवर आईचं नाव पाहून तो चमकला. मारिया दास दोरेस. गावात तिला दोरूबाई म्हणत. "दोरेस म्हणजे काय ठाऊक आहे?" त्याने विचारलं. यांना ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "दुःखं. दुःखांची माता, येशूची आई मरिया."

"चाळीस वर्षांचा घोडा मी," अंकल म्हणाले, "आणि आईच्या नावाचा अर्थ परक्याने सांगितला. संध्याकाळी फोन करून तिला सांगितलं. हसली. म्हणाली, मग बापाने बरोबरच नाव ठेवलं की रे माझं."

त्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि ते कीबोर्डकडे वळले.

एके बुधवारी बातिना किनाऱ्यावरच्या सहम गावाहून एक तरुण आला. तोही वसईचाच, एसी दुरुस्तीच्या कामावर. मुलगी सातव्या महिन्यातच झाली होती, काचेच्या पेटीत ठेवलेली. दाखल्यासाठी नाव लवकर द्यायचं होतं. त्याने चिठ्ठी पुढे केली. अंकलनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. दोरेस.

"माझ्या आईने मातेची आण घेतलीय, अंकल. पहिली मुलगी झाली तर तिचं नाव. पण बायकोने मोबाईलवर अर्थ शोधला, आता ऐकत नाही. म्हणते, पोर श्वासासाठी झगडतेय आणि मी तिला दुःख म्हणून हाक मारू? दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये."

अंकलनी अर्ज बाजूला ठेवला. "मी नाही टाईप करत. आधी पोरीच्या आईशी बोलू दे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शुक्रवारी तुझी गाडी काढ."

शुक्रवारी आम्ही दोघं दोन-अडीच तासांचा रस्ता तुडवून हॉस्पिटलात पोचलो. त्या तरुणाची बायको काचेबाहेर खुर्चीवर बसली होती, तो भिंतीशी उभा होता. अंकल तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिला दोरूबाईची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "पण ज्या मातेचं ते नाव आहे ना पोरी, ती क्रुसाखाली उभी राहिली. पळाली नाही. एवढं मात्र खरं."

ती म्हणाली, "मी उभी आहे, अंकल. माझं नाव ठेवा हवं तर दोरेस. तिचं नको."

तेवढ्यात ओमानी नर्स बाहेर आली. बातिना किनाऱ्यावरच्या कितीतरी लोकांसारखं तिलाही हिंदी येत होतं. "आज चमच से दो बूंद दूध पिया," तिने सांगितलं. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, फातमा.

अंकल त्या पट्टीकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी विचारलं, "सिस्टर, आप के नाम का मतलब?"

ती लाजली. "दूध छुड़ानेवाली माँ. बच्चा बड़ा हो जाए, खाना खाने लगे, तब छुड़ाते हैं ना?"

मी अंकलना इतकं थक्क झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "आमच्या वसईत दर चार घरांत एक फातिमा आहे," ते मला म्हणाले. "फातिमा म्हणजे पोर्तुगालातलं गाव, तिथे माता दिसली, एवढंच मी वहीत लिहिलंय. मूळ शब्द इथला, अरबी, आणि मी इतकी वर्षं इथे बसून कुणाला विचारलं नाही!"

मुलीची आई काचेतून आत बघत होती. ओठांत दोनदा म्हणून बघितल्यासारखं तिने म्हटलं, "फातिमा." मग नवऱ्याकडे वळली. चार दिवसांनी ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "आईंना फोन लावा."

फोनवर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मातेचंच नाव आहे. माझी आण माझ्यापाशी राहू दे. पोर वाचू दे."

अर्ज रविवारी टाईप झाला. पोर वाचली.

पुढच्या वर्षी अंकलचा व्हिसा संपला. वयामुळे नवा मिळणार नव्हता. जायच्या आधीच्या शुक्रवारी सहमहून जेवणाचं बोलावणं आलं, म्हणून आम्ही पुन्हा गेलो. फातिमा रांगत दारापर्यंत आली आणि त्यांच्या पँटला धरून उभी राहिली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, वरणभात बोटांनी मऊ कुस्करला आणि एकेक घास भरवला. चौथा घास तिने फुर्र करून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडवला. आई ओलं फडकं घेऊन धावली.

"असू दे," अंकल म्हणाले. "काही पुसायचं नाही."

परतीच्या वाटेवर ते माझ्या शेजारी बसले होते. सुकलेला पिवळा डाग सीटबेल्टच्या पट्ट्याखाली घासून जाऊ नये म्हणून एका हाताने शर्ट पुढे धरून, थेट मस्कतपर्यंत.