मामाचा बिनमार्जिनचा कॉम्प्युटर

माझा मामा शिंपी. चाळीस वर्षं त्याने गावाची पोटं मापली आणि एकाचाही आकडा बाहेर फोडला नाही. "कापड वाढत नाही, माणूस वाढतो," म्हणत प्रत्येक कपड्यात दोन इंच मार्जिन ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. कात्री सरळ चालेना. आम्ही सगळे हळहळत बसलो, तर ह्या पठ्ठ्याने सुटे भाग आणून स्वतः कॉम्प्युटर जोडला आणि कपड्यांचे आराखडे पडद्यावर काढायला शिकला! दोन ठिकाणी टिचकी मारली की मधली रेघ आपोआप सरळ येते, ह्याचा त्याला कोण आनंद. दूधवाल्यालाही थांबवून रेघा दाखवायचा.

हात बिघडल्यानंतरचं पहिलं मोठं काम आलं ते बॅंडच्या अठरा वादकांच्या कोटांचं. आराखडे बाराच्या आत कारखान्यात पोचायला हवे होते. नाही पोचले तर ते आपल्याच तयार मापांवर कापड कापणार, आणि मामाला पुन्हा कुत्रंही विचारणार नाही. नेमका त्याच दिवशी दहाला त्याचा फोन आला. "बटण दाबतोय, पण हूं नाही की चूं नाही. ये लवकर!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरात काहीही बंद पडलं की मला बोलावतात. मागच्या खेपेला कुकर होता.

शाळेतून सुटून पोचेपर्यंत सव्वाअकरा वाजले. गेल्या गेल्या त्याच सॉकेटला टेबललॅंप लावला. लागला. कॉम्प्युटरच्या मागचा स्विच चालूच होता. मॉनिटरची विजेची केबल काढून कॉम्प्युटरला लावली, तरी ढिम्म.

"सकाळीच लख्ख पुसलाय मी," मामी अभिमानाने म्हणाली. "पुढचं झाकण ओढून काढलं, आतूनसुद्धा पुसलं."

मामाने डोळे मिटून घेतले. मी बाजूचा पत्रा उघडला. आत काय शिस्त! एकही वायर लोंबत नव्हती. सगळ्या मापात कापून पुन्हा जोडलेल्या. त्यातली पुढच्या झाकणावरच्या बटणाची वायर ओढ बसून जोडाशी तुटली होती.

"मामा, ही एवढी आखूड का?"

"लोंबत होती गं. बरं नाही दिसत."

"आणि मार्जिन?"

मामाने माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. "राहिलं," तो पुटपुटला.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" मामी ओरडली आणि इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मामाही हसला. मग घड्याळाकडे बघून त्याचा चेहरा पडला. पावणेबारा झाले होते.

वायर जोडायला वेळ नव्हता. पण बटण करतं काय, तर आतल्या दोन पिना एकमेकींना भेटवतं. तेवढं धातूच्या कशानेही होतं, आणि शिंप्याच्या घरात सुयांना काय तोटा! मी सुई घेऊन त्या पिनांवर घट्ट दाबून धरली. पंखा फिरला! मामीने टाळ्या पिटल्या. एक, दोन, तीन, चार... गपगार. मी आणखी घट्ट धरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून शिक्षिकेला न शोभणारा शब्द गेला.

"दे इकडे," मामा म्हणाला.

"अहो, तुमचा हात—" मामी म्हणाली.

मामाने सुई उजव्या हातात घेतली. ती थरथरत पिनांपाशी गेली, ओझरती लागली आणि थरथरतच बाजूला झाली. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो. नुसतं लागून सुटायला हवं. माझा हात फारच स्थिर होता.

बाराला तीन मिनिटं असताना आराखडे गेले. लगेच उत्तर आलं, "मिळाले. कापायला घेतो."

मामा तडक गॅलरीत गेला आणि समोरच्या शेजाऱ्याला सगळी हकिकत सांगू लागला. दोन वर्षं तो चारचौघांत उजवा हात खिशात लपवायचा. आता तोच हात हवेत नाचवत, सुई कशी लागली ते दाखवत होता. मामी रडत होती आणि हसतही होती, आणि माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.