अलिफ नसलेलं आडनाव

आमचं आडनाव पटेल. पाचोडकडच्या आमच्या गावात निजामाच्या अमदानीत दोन पटेल होते. शेतसाऱ्याचं काम बघायचे ते माली पटेल, म्हणजे आम्ही, मराठ्यांचं घर. बंदोबस्ताचं बघायचे ते पोलीस पटेल, मुसलमानांचं घर. पुढं आम्ही शहरात, बेगमपुऱ्यात राहायला आलो; त्या घरातले एक मास्तर तिथं आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं टपाल आमच्याकडं पडे, आमचं त्यांच्याकडं. त्या निमित्तानं रोज चहा व्हायचा. आडनाव एक असल्याचा एवढाच काय तो त्रास.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. अक्काला नगरकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. अक्काला तो किती पसंत होता ते मलाच ठाऊक, कारण त्याचा फोटो तिनं माझ्या भूगोलाच्या पुस्तकात लपवला होता. कूळ जुळलं, देवक वेगळं निघालं, आणि ऐन सुपारी फुटायच्या दिवशी मुलाच्या मामांनी अक्काचा शाळेचा दाखला मागून घेतला.

"पटेल? आम्हाला तर पाटील सांगितलं होतं. आमच्याकडं पटेल म्हणजे एक तर गुजराती, नाहीतर मुसलमान. पत्रिकेवर हे छापून गावाला काय सांगायचं?"

"पाटीलच हो आम्ही," वडील म्हणाले. "उर्दू दफ्तरात पटेल म्हणत व्हते."

"मग जुन्या कागदात पाटील सापडेलच की. दाखवा. नसेल तर आम्हाला विचार करावा लागेल."

विचार करावा लागेल म्हणजे उठून जावं लागेल, हे आतल्या खोलीत सगळ्यांना कळलं. अक्का भिंतीला टेकून खालीच बसली. मला मामांचा असा राग आला की त्यांच्यासाठी भरलेली पोह्यांची बशी मी परत पातेल्यात ओतली.

वडिलांनी पेटीतून पटेलकीचा कागद काढला. सगळा उर्दूत. वडिलांना तो घडाघडा वाचता यायचा, पण मामांना वाचणारा तिऱ्हाईत हवा होता. वडिलांनी मला चाचांकडं पिटाळलं. पाटील निघालं नाही तर अक्काचं मोडतंय, एवढं मी त्यांच्या दारात कसंबसं सांगितलं. चाचांनी लगेच टोपी घातली आणि निघाले.

माझ्या पहिल्या दोन इयत्ता उर्दूत झालेल्या. चाचांनीच पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. 'पे'च्या पुढं अलिफची उभी रेघ असली तर पाटील, नसली तर पटेल. बाकी सगळं तेच. पाणी द्यायचं निमित्त करून मी चाचांच्या खांद्यावरून कागदात पाहिलं. अलिफ नव्हता.

चाचा बोट ठेवून मोठ्यानं वाचत गेले. गावाचं नाव झालं, पणजोबांचं झालं. मग बोट थांबलं. वडील सतरंजीकडं बघत होते. त्यांना ठाऊकच होतं.

"पाटील," चाचा म्हणाले.

मामांनी कागद ओढून घेतला आणि उलटाच धरला. "नक्की?"

"लई वर्षं हेच शिकवतोय, साहेब."

"आपलं आडनाव काय म्हणालात?"

पटेल म्हटलं की संपलं. चाचांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला.

"मला समदे मास्तरच म्हणतेत," ते म्हणाले. "आडनावानं कुनी हाक मारत नाय."

सुपारी फुटली. अक्का रडली, आणि मीही आनंदानं रडले. लाज वाटली ती नंतर, पत्रिका छापून आल्यावर. तिच्यावर ठसठशीत पाटील होतं. वडिलांनी तेवढ्यावर न थांबता दारावरची पाटीही बदलली, पुढं शाळेत माझं आडनावसुद्धा.

चाचांकडं पत्रिका घेऊन मीच गेले. त्यांनी आमच्या आडनावावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

"चाचा, कागदात अलिफ नव्हता."

"नव्हता, बेटी. म्या घातला. अक्काला माझा आहेर समज."

मग त्यांनी पत्रिका कोनाड्यात ठेवली.

"आता तुमचं टपाल माझ्याकडं येत नसतं," ते म्हणाले.