कृपया आहेर आणू नये

भाचीच्या लग्नाची पत्रिका पुण्याहून आली. पत्रिका कसली, मिठाईचा डबाच! उघडला की आत बदाम, आणि बदामांखाली, अगदी तळाला, सोनेरी अक्षरांत एक ओळ: कृपया आहेर आणू नये. वाचून मला फार बरं वाटलं. गाणं म्हणत आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर फोन टेबलावर थरथरत होता. हदगावकडच्या आमच्या गावी राहणाऱ्या थोरल्या दादाचा.

"मास्तर, तळाची ओळ वाचली का तू?"

"हाव, वाचली."

"मग मी न्हाई येणार लग्नाला."

आम्ही तिघं भावंडं एका चुलीवर वाढलो आणि एका थानात. दिवाळीला वडील कापडाचं एकच थान आणत. दादाचा शर्ट, माझी चड्डी आणि धाकट्या बहिणीचा फ्रॉक शेजारी उभे राहिले, की भिंतीला पडदा लावल्यासारखं दिसायचं. मग बहीण लग्न होऊन पुण्याला गेली, मी नांदेडच्या कॉलेजात चिकटलो, दादा शेतीवर राहिला आणि थान फाटलं. बहिणीचं घर दर काही वर्षांनी मजल्यामजल्यानं वर चढत गेलं; आता तिच्या गॅलरीतून खाली बघायला मला कठडा धरावा लागतो. मी मोटरसायकलवरून छोट्या गाडीत आलो. दादाच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, तोही अर्ध्यावर.

"तिला कंपनी वाढवती, तुला वेतन आयोग वाढवतो," दादा म्हणायचा. "माझ्या सोयाबीनला वाढवायला येती ती फक्त अळी!" आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचा. हेवा त्याच्या रक्तात नाही. रुसवा मात्र भरपूर.

गेलो समजूत काढायला. दादा ओसरीत सोयाबीनच्या पोत्यांना टेकून बसला होता. पोती थेट स्लॅबला भिडलेली. भाव आल्याशिवाय विकायचं नाही, असा त्याचा पण होता.

"मामाचा आहेर बंद करणारी ती कोण?" तो कडाडला. "पोरीला अंतरपाटापाशी मामा नेतो. मी काय रिकाम्या हातानं जाऊ? वाढप्यावानी?"

"दादा, पुण्यात आता सगळेच असं छापतात."

"छापू दे. मामा पुण्याचा हाय का?"

वहिनींनी चहा पुढे केला. "भाऊजी, तुम्हीबी मामाच की. तुम्हीच न्या पोरीला."

मी जोधपुरी कोट आधीच शिवायला टाकलेला होता. त्यामुळे नाही म्हणायला मला जरा उशीर झाला, आणि तेवढ्यात दादानं मला डोळ्यांनी भाजून काढलं.

गोठ्यामागं जाऊन बहिणीला फोन लावला.

"भाऊ, अरे त्याच्यासाठीच छापलं रे मी ते! तो सगळ्या व्याह्यांना टॉवेल-टोपी करणार, बायकांना साड्या करणार. आणणार कुठून?"

"मग हे त्याला सांग की."

"सांगितलं तर जन्मात माझ्या दारी यायचा नाही."

हे खरं होतं. शेवटी तीच आली. नांदेडला रेल्वेतून उतरली, माझ्या गाडीत बसली आणि गावी पोचल्यावर आधी अंबाडीची भाजी मागून घेतली. जेवण झाल्यावर दादाची पत्रिका मागितली, माझ्या खिशातला पेन उपसला आणि त्या सोनेरी ओळीपुढं लिहिलं: मामा सोडून.

दादानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "आता कसं!" म्हणाला. बहीण हसली, पण बघत होती ती पोत्यांकडं.

लग्नाच्या सकाळी पुण्याच्या गुळगुळीत लॉनवर दादानं भाड्यानं केलेली जीप घुसली आणि गाठोडी सुटली. व्याह्यांना टोपी, व्याह्यांच्या भावांना टोपी, कानात यंत्र लावून हुकूम सोडणाऱ्या व्यवस्थापक पोरीला खण, फोटोग्राफरला टॉवेल. सुटाबुटातले व्याही टोपी घालून असे उभे राहिले, जणू आत्ताच निवडून आलेत.

दादानं सगळ्यात शेवटी हिरवी साडी काढून बहिणीच्या हातात ठेवली.

"दादा, सोयाबीन?" तिनं हळूच विचारलं.

"काढलं की."

"भाव आला?"

"आला! लई आला!"

वहिनी मांडवाच्या झुंबराकडं बघू लागल्या. बाजारभाव मी रोज सकाळी मोबाइलवर बघतो, कारण दादाला चिडवायला तो लागतो. त्या दिवशीही बघितला होता. मी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"बरं झालं बाई," बहीण म्हणाली, आणि अंगावरची झगमगीत साडी बदलायला आत गेली.

गुरुजींनी हाक दिली, "मामांनी मुलीला घेऊन यावं!" दादा छाती काढून निघाला. भाचीच्या दुसऱ्या बाजूला मी, जोधपुरीवर पांढरी टोपी. समोर हिरव्या साडीत बहीण उभी होती, आणि मेकअपवाली तिच्या डोळ्यांखालचं काजळ पुसता पुसता तिला दरडावत होती, "ताई, आता अजिबात रडायचं नाही हं!"